फटफटीतली फटफट गेल्यावर : पेट्रोलची आणि विजेची स्क्रॅम्बलर

रोजच्या वापरातल्या यंत्रांचा इतिहास हा आपल्या व्याख्यानमालेचा विषय. आज आम्ही मोटारसायकल घेतली आहे, आणि मोटारसायकलींमधलीही एकच जात : स्क्रॅम्बलर. वर उचललेला सायलेन्सर, रुंद हँडल, जाड नक्षीचे टायर, लांब शॉकॲब्सॉर्बर. गेल्या काही वर्षांत ही गाडी आपल्या शहरांत बरीच दिसायला लागली आहे. आता तिच्या विजेवरच्या बहिणीही बाजारात आल्यात. त्यामुळे एक प्रश्न सारखा कानावर येतो : रोजच्या वापराला पेट्रोलची बरी, की विजेची?

प्रश्न शोरूममधला वाटतो. पण आमचं म्हणणं असं, की त्याचं अर्धंअधिक उत्तर इतिहासात आहे. गाडी किती जोरात पळते यावरून तिचं भवितव्य क्वचितच ठरलं. ते ठरलं तीन गोष्टींवरून. वाटेत इंधन मिळतं का? बिघडली तर कोण दुरुस्त करतं? आणि तिला कुठे जाऊ देतात? आज आपण हे तीन प्रश्न हातात धरूनच चालणार आहोत.

शनिवारची गाडी आणि सोमवारची गाडी

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातल्या शिपली गावी आल्फ्रेड अँगस स्कॉट या इंजिनिअरचा मोटारसायकलींचा कारखाना होता. १९१४ साली त्याने आपल्या कामगारांसाठी डोंगरवाटांवर एक चाचणी ठेवली. ती 'स्कॉट ट्रायल' आजही भरते. दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, दक्षिणेत सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे माळरानावर तशीच एक शर्यत झाली. तोल सांभाळण्याचे गुण, बारीक नियम हे सगळं त्यातून काढून टाकलं. जो आधी पोचेल तो जिंकला. 'ही तर भलतीच धडपड होणार' अशा अर्थाचं कुणीतरी बोललं आणि तेच नाव पडलं, असं सांगतात. स्क्रॅम्बल म्हणजे घसरत, धरत, कसंबसं चढून जाणं.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की या शर्यतीसाठी वेगळी गाडी नव्हती. माणूस ज्या गाडीवर कामाला जायचा, तीच घेऊन यायचा. दिवे उतरवायचे, मडगार्ड वर घ्यायचं, सायलेन्सर दगडाला लागू नये म्हणून उचलून बांधायचा, मागचं स्प्रॉकेट मोठं टाकायचं म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. सोमवारी सगळं परत जागेवर. एकाच गाडीत दोन गाड्या, ही स्क्रॅम्बलरची मूळ कल्पना.

कारखान्यांनी ही कल्पना १९६०च्या दशकात उचलली, आणि ती अमेरिकेसाठी. १९६२ साली होंडाने २५० सीसीची सीएल-७२ तिथे आणली. त्याच वर्षी बर्लिनर बंधू या अमेरिकी आयातदारांच्या मागणीवरून इटलीच्या डुकाटीनेही 'स्क्रॅम्बलर' याच नावाची गाडी काढली. होंडाला गाडीचा टिकाऊपणा लोकांना दाखवायचा होता. डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर हे दोघं दोन सीएल-७२ घेऊन मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआनाहून ला पाझपर्यंत गेले. सुमारे दीड हजार किलोमीटर, त्यातही बराचसा भाग कच्चा. वेळेचा पुरावा म्हणून निघताना आणि पोचल्यावर तार केली. एकिन्सला चाळीस तासांहून थोडा कमी वेळ लागला. पुढे १९६७ पासून त्या वाटेवर जी शर्यत सुरू झाली, तीच आजची बाहा १०००.

मग १९६८ मध्ये यामाहाची डीटी-१ आली. ती २५० सीसीची, टू-स्ट्रोक, हलकी, कच्च्या वाटेसाठीच आखलेली आणि तरीही रस्त्यावर चालवायला कायदेशीर. तिच्यापुढे जुन्या स्क्रॅम्बलर जड वाटायला लागल्या आणि काही वर्षांतच ही जात जवळपास संपली. परत आली ती या शतकात, जुन्या दिवसांची आठवण म्हणून : ट्रायम्फची २००६ साली, डुकाटीची २०१५ साली. आपल्याशी थेट संबंध येतो तो २०२३ मध्ये. ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स बजाजच्या भागीदारीतून आली आणि ती बनते पुण्याजवळ चाकणला.

पण नाव नसलेली स्क्रॅम्बलर आपल्याकडे आधीपासून होतीच. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून पाणंदीच्या चिखलातून डेअरीवर येणारी राजदूत आठवा. पोलंडच्या परवान्यावर एस्कॉर्ट्सने काढलेली, १७५ सीसीची. किंवा येझदी आठवा, एम-८० आठवा. खतांची पोती, वैरणीचा भारा, कॉलेजला जाणारा पोरगा, सगळं त्याच गाडीवर. एका गाडीत दोन गाड्या असण्याची चैन इंग्लंड-अमेरिकेत शनिवार-रविवारी चालायची. आपल्याकडे ती गरज होती, आणि रोजची होती.

पेट्रोल जिंकलं ते डब्यामुळे

विजेची दुचाकी आत्ताची आहे असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याने बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीचं पेटंट १८९५ सालीच घेतलं होतं. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या मोटारगाड्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त विजेवरच्या होत्या. मग त्या मागे का पडल्या?

'पेट्रोलचे पंप होते, चार्जिंगची सोय नव्हती' हे उत्तर ऐकायला बरं, पण ते उलटं आहे. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी निघाली, तेव्हा जगात एकही पेट्रोल पंप नव्हता. वाटेत वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतलं. पंप पुष्कळ नंतर आले. तोवर पेट्रोल डब्यात मिळायचं, किराणा मालासारखं. म्हणजे पेट्रोलला पंप लागत नव्हता, डबा पुरत होता. विजेला मात्र तार लागत होती, आणि तार शहराच्या वेशीवर संपायची. त्यात १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. हँडल मारून इंजिन सुरू करायचा त्रास गेला, आणि विजेच्या गाडीचा मोठा फायदाच हातातून निसटला.

आपला पहिला प्रश्न इथे नीट दिसतो. जिथे रस्ताच नाही तिथे जाणाऱ्या गाडीला इंधन पाठीवर बांधून नेता आलं पाहिजे. स्क्रॅम्बलर पेट्रोलवर वाढली याचं कारण हे.

विजेची दुसरी खेप

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि चित्र पालटायला लागलं. गंमत म्हणजे विजेच्या मोटारसायकलींचे पुष्कळसे नवे कारखाने कच्च्या वाटेवरूनच आले. कॅलिफोर्नियातली झिरो ही कंपनी २००६ साली निघाली, तिच्या सुरुवातीच्या गाड्या मातीत चालवायच्या होत्या. अल्टा मोटर्सची रेडशिफ्ट मोटोक्रॉसची. स्वीडनच्या केकची काल्क हीसुद्धा तशीच, सत्तर किलोच्या आसपासची. आपल्याकडे बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेटने २०२५ मध्ये शॉकवेव्ह ही १२० किलोची गाडी जाहीर केली. रॉयल एनफील्डने विमानातून छत्रीने खाली सोडायच्या आपल्या महायुद्धातल्या १२५ सीसी गाडीचं 'फ्लाइंग फ्ली' हे नाव पुन्हा काढलं, आणि त्या नावाच्या विजेवरच्या गाड्यांमध्ये एक स्क्रॅम्बलर घाटाची आहे.

मातीतूनच सुरुवात का? कारण विजेच्या मोटरची ओढ शून्य वेगापासून मिळते. क्लच नाही, गिअर नाही, चढावर मध्येच बंद पडणं नाही. चिखलात मुठीचा ताबा हवा तितका बारीक ठेवता येतो. इंजिनला हे जमवायला क्लचवर सतत दोन बोटं ठेवावी लागतात.

रोजचा हिशेब

आता आकड्यांकडे येऊ. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. आपल्या वीजबिलातलं युनिट तेच हे. ट्रायम्फ ४०० एक्सची टाकी १३ लिटरची, म्हणजे टाकी भरली की ११५ युनिटांच्या आसपास. विजेच्या हलक्या गाडीची बॅटरी ४ युनिटांची धरा. साठ्यात फरक जवळजवळ तीसपट!

पण पल्ल्यात फरक तीसपट पडत नाही. पेट्रोलची गाडी लिटरला २८ किलोमीटर ॲव्हरेज देते असं धरलं तर टाकीत साडेतीनशेच्या वर जाईल. विजेची गाडी रस्त्यावर प्रत्यक्षात शंभर किलोमीटर गेली असं धरू. फरक साडेतीनपटीचा. बाकीचं पेट्रोल गेलं कुठे? उष्णतेत. सिग्नलला उभं राहिल्यावर पोटरीला जी धग लागते, ती तुमच्या खिशातली. इंजिन पेट्रोलमधली पाव हिस्सा ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं, मोटर मात्र बॅटरीतली नव्वद टक्क्यांच्या आसपास.

पैशात बोलायचं तर पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि घरची वीज युनिटला १० रुपये धरू. पेट्रोलवर किलोमीटरला पावणेचार रुपये, विजेवर चार्जिंगमधली गळती धरून ४५ पैसे. रोज २० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६,००० किलोमीटर : एकीकडे साडेबावीस हजार, दुसरीकडे पावणेतीन हजार. या दोन गाड्या सारख्या ताकदीच्या नाहीत, हेही लक्षात ठेवा. ४०० सीसीच्या तोडीची विजेची गाडी घ्यायची तर बॅटरी बरीच मोठी लागते, आणि बॅटरी हाच गाडीचा महाग भाग.

'पण वीज कोळशाचीच ना?' असं कुणी विचारेल. महाराष्ट्रात बहुतांश कोळशाचीच, हे खरं. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमीटरला ८० ग्रॅमच्या वर. आपल्याकडच्या एका युनिट विजेमागे तो साधारण ७०० ग्रॅम निघतो. त्या हिशेबाने विजेची गाडी किलोमीटरला तीस-बत्तीस ग्रॅम. बॅटरी बनवतानाचा धूर वेगळा मोजावा लागतो, पण रोज चालणाऱ्या गाडीत तो फेडला जातो.

आता खरी गोम. पेट्रोलची गाडी शहरात, थांबत-थांबत, कमी ॲव्हरेज देते आणि मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने सुधारते. विजेची गाडी बरोबर उलटी. शहरात थांबलं की मोटर थांबते, ब्रेक लावला की थोडी ऊर्जा परत बॅटरीत जाते. हायवेला लागून ऐंशी धरलं की हवेचा विरोध वाढतो आणि पल्ला डोळ्यांदेखत घटतो. त्यात स्क्रॅम्बलरची बैठक ताठ, हँडल रुंद, टायर खडबडीत, म्हणजे वाऱ्याला आणि रस्त्याला सगळीकडून विरोध. हेच तोटे पेट्रोलच्या गाडीतही आहेत, पण टाकी मोठी असल्याने ते जाणवत नाहीत.

घाटाचंही उदाहरण घेऊ. वाईहून पाचगणीला चढताना पसरणीच्या घाटात साधारण पावणेसहाशे मीटर उंची गाठायची असते. गाडी आणि माणूस मिळून २०० किलो. नुसत्या उंचीसाठी लागणारी ऊर्जा तिसरा हिस्सा युनिट, म्हणजे चार युनिटांच्या बॅटरीतले आठ-नऊ टक्के. चढाला लोक घाबरतात तेवढं भय त्यात नाही. मात्र उलट बाजूला एक बारीक गोष्ट आहे. वर मुक्काम करून, बॅटरी शंभर टक्के भरून तुम्ही उतरायला लागलात, तर मोटरने गाडी रोखून वीज परत भरायला बॅटरीत जागाच नसते. इंजिनची गाडी गिअरमध्ये टाकून उतरतो तशी सवय असणाऱ्याला अशा वेळी हात-पायांच्या ब्रेकवर जास्त भिस्त ठेवावी लागते. वर रात्री पाऊणच बॅटरी भरावी, हे त्यावरचं साधं उत्तर.

आवाजाचं राजकारण

मराठीत मोटारसायकलला आपण काय नाव दिलं? फटफटी. गाडीचं नावच मुळी तिच्या आवाजावरून पडलं. विजेच्या गाडीत ती फटफटच नाही. आता तिसरा प्रश्न : तिला कुठे जाऊ देतात?

साठच्या दशकातल्या अमेरिकेत सरकारी वाळवंटं आणि जंगलं मोटारसायकलवाल्यांना जवळपास मोकळी होती. गाड्या वाढल्या, तक्रारी वाढल्या. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सार्वजनिक जमिनींवर अशा गाड्या ठरवून दिलेल्या वाटांवरच चालाव्यात. त्या आदेशात माती, झाडोरा, वन्यप्राणी यांच्यासोबत आवाजाचाही उल्लेख आहे. स्क्रॅम्बलरची मोकळी जमीन आक्रसली ती अशी.

विजेच्या गाड्या विकणारे म्हणतात, आवाज गेला म्हणजे भांडणही गेलं. अर्धं खरं आहे. पहाटे साडेपाचला निघताना वाडा किंवा सोसायटी जागी होत नाही, हा रोजच्या वापरातला मोठा फायदा. पण त्या आदेशात माती आवाजाच्या आधी येते. आपल्या सह्याद्रीतच बघा. कासच्या पठारासारख्या सड्यांवर जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर असतो आणि सगळी फुलं त्याच्यावर. तिथे चाक गेलं की थर सुटतो, मग ते चाक पेट्रोलने फिरो वा विजेने. उलट मुकी गाडी जास्त लांब आत जाते आणि कुणाला कळतही नाही. शिवाय गावातल्या बोळात म्हातारी माणसं आणि कुत्री आवाजावरच बाजूला होतात. तिथे हॉर्नपेक्षा हळू चालवणं जास्त कामाचं.

लेथवर काय बनतं

राहिला दुरुस्तीचा प्रश्न, आणि आम्हाला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

म्हैसूरची आयडियल जावा ही कंपनी १९६१ साली सुरू झाली आणि १९९६ साली बंद पडली. तरीही जुन्या जावा आणि येझदी आज धावताना दिसतात. कारण पिस्टन मिळाला नाही तर दुसऱ्या गाडीचा बसवता येतो, बुश लेथवर काढता येतो, पॉइंट आणि प्लग कुठलाही गॅरेजवाला बघून देतो. कंपनी मेली, गाडी जगली.

विजेच्या गाडीत रोजची देखभाल फारच कमी. ऑइल नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाही. चेन किंवा बेल्ट, टायर, ब्रेक एवढंच बघायचं. पाच वर्षं डोकेदुखी नाही असं म्हणता येईल. पण बिघडलंच, तर बिघाड कंट्रोलरमध्ये किंवा बॅटरीत असतो, आणि दोन्हींना कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. अल्टा मोटर्स २०१८ मध्ये बंद झाली. केक २०२४ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. गाड्या उत्तम होत्या, त्यांच्याबद्दल वाईट बोलणारे थोडे. पण कंपनी गेल्यावर त्यातला सुटा भाग लेथवर निघत नाही. राजदूतवाल्या दूधवाल्याला गाडी वीस वर्षं टिकेल याचा भरवसा होता. ती एक प्रकारे त्याची मालमत्ता होती. बॅटरीचा साचा प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि दुरुस्तीची माहिती कुलपात, अशी स्थिती राहिली तर विजेची गाडी मालकीची असूनही भाड्याने घेतल्यासारखी वाटत राहील.

मग घ्यायची कोणती?

सरळ उत्तर देतो. तुमचं रोजचं येणं-जाणं चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत असेल, रात्री गाडीजवळ सॉकेट मिळत असेल, तर सोमवार ते शनिवार विजेची गाडी जिंकते, आणि चांगल्या फरकाने जिंकते. दर महिन्याला चारशे किलोमीटरची फेरी असेल, किंवा तिसऱ्या मजल्यावर राहता आणि सोसायटी पार्किंगमध्ये सॉकेट बसवू देत नाही, तर आजच्या घडीला पेट्रोलची. विजेची गाडी बंद पडलीच तर कंपनीचं सेवा केंद्र तुमच्यापासून किती लांब आहे, हेही घेण्याआधी बघून ठेवा.

पण यात हरतं कोण, ते बघा. हरते स्क्रॅम्बलरची मूळ कल्पना : एका गाडीत दोन्ही. ज्याला परवडतं तो एक विजेची आणि एक पेट्रोलची ठेवेल. ज्याला एकच गाडी परवडते, तो शेतकरी, दूधवाला, तालुक्याला शिकायला जाणारी मुलगी, त्यांना निवड करावी लागेल. आणि खरी स्क्रॅम्बलर गरजेची आहे ती त्यांना.

१९००च्या आणि आजच्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे. तेव्हा तार शहराच्या वेशीवर थांबली होती, आज ती वाडीवस्तीवर पोचली आहे. शेतीपंपाची वीज दिवसपाळी-रात्रपाळीने येते हे खरं, पण रात्रभर उभ्या असणाऱ्या गाडीला चार युनिटं भरायला चार-पाच तास पुरतात. म्हणजे पहिला प्रश्न सुटण्यासारखा आहे. बॅटरीचा एकच ठरलेला साचा, कुठल्याही गॅरेजमध्ये बिघाड वाचता येईल अशी सोय आणि आयटीआयमध्ये कंट्रोलर दुरुस्तीचं शिक्षण, एवढं झालं तर दुसराही सुटेल. हे काम कारखान्यांवर सोडून होणार नाही. ग्राहकांनी मागावं लागेल आणि सरकारने नियमात घालावं लागेल. गाडी घेताना 'ॲव्हरेज किती देते' हे आपण हमखास विचारतो. त्यासोबत 'कंपनी बंद पडली तर हिचं काय' हेही विचारायला लागू या.

आज इथे थांबू. पुढच्या व्याख्यानात शिवणयंत्र घेणार आहोत. दुरुस्तीचा हाच धागा तिथे पुन्हा हाती येईल.